प्रशिक्षकाच्या कामगिरीचे न्याय्य मूल्यमापन : विदर्भ क्रिकेटमधील चंद्रकांत पंडित पर्वाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

सांघिक खेळात विजयाचे श्रेय कोणाचे आणि पराभवाचा दोष कोणाचा, हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. खेळाडूच्या कामगिरीची नोंद आकड्यांत होते. धावा, बळी, झेल यांचे हिशेब धावफलकावर लिहिलेले असतात. प्रशिक्षकाच्या नावापुढे मात्र असा कोणताही रकाना नसतो. त्यामुळे संघाचा निकाल तोच प्रशिक्षकाचा निकाल, असे समीकरण सहज मांडले जाते आणि त्या समीकरणावर नेमणुका, मुदतवाढी व हकालपट्ट्या ठरतात. प्रस्तुत लेखात हे समीकरण कितपत न्याय्य आहे याचा विचार महाराष्ट्राच्या, विशेषतः विदर्भाच्या, क्रिकेट इतिहासातील काही घटनांच्या आधारे केला आहे.

संघाच्या एका अंगाची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपविली गेली की हा प्रश्न अधिक बिकट होतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे स्वतंत्र संयोजक असतात. आक्रमण संयोजकाचे मोजमाप संघाने मिळविलेल्या गुणांवरून होते. परंतु प्रतिस्पर्धी किती बलवान होता, बचाव फळीने चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात मिळवून दिला, मुख्य खेळाडू जायबंदी होता काय, या गोष्टी गुणसंख्येत दिसत नाहीत. आपल्याकडे या पदाच्या सर्वांत जवळचा अधिकारी म्हणजे क्रिकेट संघाचा फलंदाजी प्रशिक्षक होय. तोही स्वतः फलंदाजी करीत नाही, संघ निवडत नाही, खेळपट्टी तयार करीत नाही. संघ कमी धावांत गारद झाला की बोट मात्र त्याच्याकडेच वळते.

बेचाळीस धावांचा निवाडा

भारतीय संघाला पूर्णवेळ प्रशिक्षक नसण्याच्या काळात हे सारे ओझे कर्णधार वाहत असे. अजित वाडेकर यांचे उदाहरण या दृष्टीने मूलभूत आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी मालिका जिंकल्या. १९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ असे नमविले. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र तिन्ही कसोटी सामने गमावले. लॉर्ड्सवर २४ जून १९७४ रोजी भारताचा दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांवर आटोपला.

या एका सकाळीने वाडेकरांचे कर्णधारपद संपविले. दुलीप करंडकासाठीच्या पश्चिम विभाग संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. मुंबईत त्यांच्या घरावर दगड आले. इंदूरमध्ये १९७१ च्या विजयाच्या स्मरणार्थ काँक्रीटची एक भव्य बॅट उभारलेली होती, तिलाही लोकांनी विद्रूप केले. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या नावाने ती बॅट उभी राहिली, त्यांचाच राग तिच्यावर निघाला.

आता त्या ४२ धावांकडे थोडे बारकाईने पाहावे. त्याच कसोटीत, त्याच फलंदाजांनी पहिल्या डावात ३०२ धावा केल्या होत्या. मध्ये इंग्लंडच्या ६२९ धावा होत्या. दुसऱ्या डावाच्या वेळी आकाश ढगाळ होते, चेंडू हवेत वळत होता आणि ख्रिस ओल्ड (५ बळी) व जेफ अर्नोल्ड (४ बळी) यांनी त्याचा पुरेपूर लाभ घेतला. चंद्रशेखर जायबंदी असल्याने भारताचे नऊच गडी बाद व्हायचे होते. नेतृत्व व डावपेच यांचा दोष मानायचा तर तो ३०२ धावांच्या डावातही असायला हवा होता. दोन दिवसांत नेतृत्व बदललेले नव्हते, फक्त हवामान आणि सामन्याची स्थिती बदलली होती. वाडेकरांच्या नेतृत्वाखालील १६ कसोटी सामन्यांत ४ विजय, ४ पराभव व ८ अनिर्णित असा हिशेब आहे. या १६ पैकी ११ सामने परदेशात झाले होते, ही बाब त्या हिशेबाइतकीच महत्त्वाची आहे, कारण १९७१ पूर्वी परदेशात मालिका जिंकण्याचा भारताचा अनुभव केवळ न्यूझीलंडपुरता, १९६८ चा, होता.

वाडेकर १९९२ ते १९९६ या काळात भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले. त्या वेळी त्यांच्या पदात प्रशिक्षकाचे कामही आले. १९९३ मध्ये इंग्लंडवर मायदेशी ३-० असा विजय मिळाला. कुंबळे, राजू व चौहान या फिरकी त्रयीला साजेशा खेळपट्ट्या त्यामागे होत्या, अशी टीका तेव्हा झाली. टीकेत तथ्य आहे. मात्र न्याय दोन्ही बाजूंनी व्हावयाचा असेल तर १९९३ च्या विजयातून खेळपट्टीचा वाटा वजा करणाऱ्याने १९७४ च्या पराभवातूनही ढगाळ हवेचा वाटा वजा केला पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक निरीक्षक विजयातून वजाबाकी करतात आणि पराभव अखंड ठेवतात.

विदर्भ : मिळालेला संघ आणि घडविलेला संघ

रणजी करंडकाच्या इतिहासात आपल्या भागाचे स्थान दीर्घकाळ तळाशी होते. स्वातंत्र्यापूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने येथील संघ खेळत असे. विदर्भ या नावाने संघ १९५७-५८ च्या हंगामात प्रथम उतरला. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, पण रणजी करंडकातील त्यांचे वैभवाचे दिवस होळकर संघाकडून गेले. त्यानंतरची अनेक दशके विदर्भाला साखळीतच गारद होण्याची सवय जडली होती. श्रेष्ठ व दुय्यम अशी गटवारी सुरू झाल्यावरही कित्येक हंगाम विदर्भ दुय्यम म्हणजे प्लेट गटात होता. त्या काळात विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे पूर्ण गुणांची निश्चिती, असे मोठे संघ समजत.

अशा संघाने २०१७-१८ मध्ये रणजी करंडक जिंकला. त्याच हंगामात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले होते. प्रशिक्षक आला आणि करंडक मिळाला, ही कथा सुटसुटीत असल्यामुळे वृत्तपत्रांनी ती उचलली. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र प्रथम हे विचारावयास हवे की पंडित यांना मिळालेला संघ नेमका कोणता होता.

तो प्लेट गटातील जुना संघ नव्हता. जामठा येथील स्टेडियम २००८ मध्ये उभे राहिले. त्याच सुमारास विदर्भ क्रिकेट संघटनेने निवासी अकादमी सुरू केली. प्रशांत वैद्य यांच्यासारखे माजी खेळाडू तिच्या उभारणीत होते आणि वेगवान गोलंदाज घडविण्याचे काम सुब्रतो बॅनर्जी यांच्याकडे आले. खापरखेडा परिसरातील कोळसा खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाकडून खेळू लागला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. २०१४-१५ आणि २०१५-१६ या लागोपाठच्या हंगामांत, पारस म्हांब्रे प्रशिक्षक असताना, संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली. गणेश सतीश कर्नाटकातून आले होते, वसीम जाफर २०१५-१६ मध्ये मुंबईहून आले होते. फैज फजल, अक्षय वखरे हे स्थानिक खेळाडू तोवर अनुभवी झाले होते. २०१६-१७ मध्ये बाद फेरी हुकली, तेवढाच काय तो खंड. म्हणजे पंडित यांच्या हाती आला तो मशागत झालेला, पेरणीही झालेला मळा होता.

याचा अर्थ त्यांचे काम सोपे होते असा मात्र होत नाही. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचणारे संघ देशात डझनभर असतात, तेथून पुढे जाणारे थोडे. या फरकाची मोजदाद २०१७-१८ च्या शेवटच्या तीन सामन्यांत करता येते. हे तिन्ही सामने सुरत, कोलकाता व इंदूर येथे म्हणजे त्रयस्थ मैदानांवर झाले, तेव्हा घरच्या खेळपट्टीची शंका येथे उद्भवत नाही. सुरतेत केरळवर सहज मात झाली. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला आणि कर्नाटकाने ३०१ धावा करून ११६ धावांची आघाडी घेतली. पूर्वीचा विदर्भ येथे कोसळला असता. या संघाने दुसऱ्या डावात ३१३ धावा केल्या आणि रजनीश गुरबानी यांनी दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ बळी घेऊन कर्नाटकाला १९२ धावांत रोखले. विजय अवघ्या ५ धावांचा होता.

या ५ धावांवर क्षणभर थांबणे आवश्यक आहे. एक चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षक व स्लिप यांच्यामधून सीमापार गेला असता, आणखी एक-दोन धावा निघाल्या असत्या, तर विदर्भ उपांत्य फेरीत हरला असता आणि पंडित यांचा पहिला हंगाम म्हांब्रे यांच्या हंगामांपेक्षा केवळ एक पायरी पुढचा ठरला असता. प्रशिक्षकाचे काम तेवढेच राहिले असते, निवाडा मात्र पूर्णतः वेगळा झाला असता. अशा प्रसंगी निकालाऐवजी निकालापर्यंतचा प्रवास पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. ११६ धावांनी मागे पडलेल्या संघाने तीनशेहून अधिक धावा उभाराव्यात, यात मनोधैर्य आणि तयारी दिसते. ती गोष्ट शेवटच्या चेंडूवर अवलंबून नव्हती.

इंदूरच्या अंतिम सामन्यातही हेच दिसते. दिल्लीच्या २९५ धावांत ध्रुव शोरे यांच्या १४५ धावा होत्या. गुरबानी यांनी हॅटट्रिकसह ५९ धावांत ६ बळी घेतले. पण सामना जिंकला तो विदर्भाच्या ५४७ धावांच्या डावाने. त्यात सर्वाधिक १३३ धावा यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांच्या होत्या, तर मुख्यतः गोलंदाज असलेल्या आदित्य सरवटे यांनी ७९ व सिद्धेश नेरळ यांनी ७४ धावा केल्या. नामांकित सलामीवीरांच्या धावांचे श्रेय प्रशिक्षकाला देणे अवघड असते, ते खेळाडू तयार होऊनच येतात. फैज फजल यांच्या त्या हंगामातील ९१२ धावा त्यांच्या दीर्घ अनुभवाचे फळ होत. तळाचे फलंदाज तासन् तास उभे राहतात तेव्हा मात्र सरावात कोणी तरी त्यांच्याकडून ते करवून घेतलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते पंडित यांच्या विदर्भातील कामाचा सर्वांत भक्कम पुरावा करंडकात नसून तळाच्या फलंदाजांच्या या धावांत आहे. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने सामना ९ गड्यांनी जिंकला.

पुढच्या हंगामात करंडक राखला गेला. वायनाडच्या उपांत्य सामन्यात उमेश यादव यांनी १२ बळी घेऊन केरळला डावाने हरविले. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्यावरील अंतिम सामन्यात सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव झाला. सरवटे यांनी सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजारा यांना दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. चाळिशी गाठलेल्या वसीम जाफर यांनी त्या हंगामात १०३७ धावा केल्या.

आणि तिसऱ्या हंगामात, २०१९-२० मध्ये, तोच प्रशिक्षक व जवळपास तोच संघ असताना विदर्भ बाद फेरीतही पोहोचला नाही. त्यानंतर पंडित मध्य प्रदेशकडे गेले. या तिसऱ्या हंगामाची चर्चा क्वचितच होते. पहिल्या दोन हंगामांचे पूर्ण श्रेय ज्यांनी पंडित यांना दिले, त्यांनी तिसऱ्याचा पूर्ण दोषही त्यांनाच द्यावयास हवा होता. तसे झाले नाही हे बरेच झाले, परंतु यातून पहिला हिशेबही अतिशयोक्त होता हे दिसून येते.

एक प्रशिक्षक, अनेक संघ

एकाच व्यक्तीने वेगवेगळ्या संघांबरोबर काय केले, हा न्याय्य मूल्यमापनाचा दुसरा मार्ग होय. पंडित यांच्याबाबत हा पुरावा विपुल आहे. रमाकांत आचरेकर यांच्या तालमीत वाढलेले, ५ कसोटी खेळलेले हे यष्टिरक्षक मुंबईचे प्रशिक्षक असताना संघाने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला. मुंबईने हा करंडक बेचाळीस वेळा जिंकलेला असल्याने तेथील विजयांचे वजन थोडे कमीच धरावे लागते. २०१६-१७ मध्ये मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली. तेथे गुजरातने चौथ्या डावात ३१२ धावांचे लक्ष्य पार केले, पार्थिव पटेल यांनी १४३ धावा केल्या, आणि मुंबईने प्रशिक्षक बदलला. एक करंडक व एक उपविजेतेपद मिळविणाऱ्याला दोन हंगामांत निरोप मिळाला. त्या निर्णयाचा लाभ विदर्भाला झाला, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

मध्य प्रदेशचे प्रकरण अधिक बोलके आहे. १९९८-९९ मध्ये पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार असताना बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना हरले होते. त्याच मैदानावर जून २०२२ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली मध्य प्रदेशने मुंबईला ६ गड्यांनी हरवून आपला पहिला रणजी करंडक मिळविला. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी पहिल्या डावात शतके केली. यापूर्वी कधीही न जिंकलेल्या दोन संघांनी एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली प्रथम करंडक जिंकावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. योगायोगच शोधावयाचा तर तो एवढाच की हे दोन्ही संघ जुन्या मध्य प्रांताचे वारस आहेत.

मात्र येथेही उलट बाजू तपासावी लागते. पंडित गेल्यानंतरच्या हंगामांत विदर्भ प्रथम मागे पडला. २०२०-२१ मध्ये करोनामुळे स्पर्धाच झाली नाही, त्यानंतरच्या दोन हंगामांत बाद फेरी लाभली नाही. पण उस्मान गनी यांच्या प्रशिक्षणाखाली २०२३-२४ मध्ये विदर्भ अंतिम फेरीत गेला, आणि जाताना जामठ्यावरील उपांत्य सामन्यात त्याने पंडित यांच्याच मध्य प्रदेशला ६२ धावांनी हरविले. अंतिम सामन्यात मुंबईकडून पराभव झाला. २०२४-२५ मध्ये मात्र केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक नागपुरात राहिला. हर्ष दुबे यांनी त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजी करंडकाच्या एका हंगामातील बळींचा विक्रम केला. दानिश मालेवार यांनी अंतिम सामन्यात १५३ व ७३ आणि करुण नायर यांनी ८६ व १३५ धावा केल्या. इंदूरला २०१७ मध्ये विदर्भाविरुद्ध १४५ धावा करणारे ध्रुव शोरे या वेळी विदर्भाच्या बाजूने खेळत होते.

गनी हे मोठे नाव नव्हते. त्यांच्यावर लेखमाला निघाल्या नाहीत. परंतु तिसऱ्या करंडकाने एक गोष्ट स्पष्ट केली. अकादमी, मैदाने, वयोगटांच्या स्पर्धा आणि बाहेरून आणलेले मोजके व्यावसायिक खेळाडू ही व्यवस्था प्रशिक्षक बदलला तरी टिकून राहिली होती. पंडित यांनी तिच्यात जी भर घातली ती संघ जिंकू शकतो या विश्वासाची. हा विश्वास एकदा आला की तो व्यक्तीबरोबर निघून जात नाही, असे २०२५ कडे पाहून म्हणता येते. अर्थात २०१९ ते २०२३ या कोरड्या वर्षांकडे पाहिल्यास नेमके उलटही म्हणता येईल, आणि तसे म्हणणाऱ्याशी प्रस्तुत लेखक फार वाद घालणार नाही.

वाटून दिलेली जबाबदारी

आजच्या संघात मुख्य प्रशिक्षकाबरोबर फलंदाजी, गोलंदाजी व क्षेत्ररक्षण यांचे स्वतंत्र प्रशिक्षक असतात. श्रेय त्यामुळे आणखी विभागले जाते. विदर्भाच्या पहिल्या दोन करंडकांत गोलंदाजांचा वाटा सिंहाचा होता, आणि ते गोलंदाज बव्हंशी बॅनर्जी यांच्या हाताखाली तयार झाले होते. करंडकाच्या छायाचित्रांबरोबर नाव आले ते पंडित यांचे.

बॅनर्जी यांची स्वतःची कथाही या विषयाला धरून आहे. ते एकच कसोटी खेळले. जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला त्यांनी पहिल्या डावात मार्क टेलर, जेफ मार्श व मार्क वॉ हे तीन बळी घेतले. त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून पदार्पण करणाऱ्या एका फिरकी गोलंदाजाने १५० धावा देऊन एकच बळी मिळविला. बॅनर्जी यांना पुन्हा कसोटी मिळाली नाही. तो दुसरा गोलंदाज म्हणजे शेन वॉर्न. ऑस्ट्रेलियाच्या निवड समितीने थांबण्याचा संयम दाखविला आणि ७०८ कसोटी बळींचा धनी मिळविला. केवळ त्या सामन्याच्या आकड्यांवर निर्णय झाला असता तर नाव उलटे लिहिले गेले असते.

विभागलेल्या श्रेयाचे सर्वांत ठळक उदाहरण कोलकाता नाइट रायडर्सचे. पंडित ऑगस्ट २०२२ मध्ये या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये संघ सातवा आला आणि त्या हंगामात खेळलेल्या डेव्हिड विसे यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की परदेशी खेळाडूंना त्यांच्या कडक शिस्तीचा जाच वाटला. २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून आले, अभिषेक नायर साहाय्यक प्रशिक्षक होते, आणि संघाने आयपीएल जिंकले. मुख्य प्रशिक्षक तोच असूनही विजयाचे श्रेय गंभीर यांच्याकडे गेले, ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि नायर त्यांच्याबरोबर गेले. २०२५ मध्ये गंभीर नसताना संघ आठवा आला. जुलै २०२५ मध्ये पंडित यांनी पद सोडले. सातवे, पहिले व आठवे या तीन क्रमांकांतून गंभीर यांचा प्रभाव सिद्ध होतो असे वाटणे स्वाभाविक आहे. पण २०२५ पूर्वी खेळाडूंचा मोठा लिलाव झाला होता आणि करंडक जिंकणारे कर्णधार श्रेयस अय्यर संघात राहिले नव्हते. अय्यर यांनी त्याच वर्षी पंजाबच्या संघाला अंतिम फेरीत नेले. तेव्हा श्रेयाचा एक वाटेकरी कर्णधारही होता, हे दुर्लक्षून चालणार नाही.

मुंबईचे माजी फलंदाज नायर यांचे पुढचे वर्ष फलंदाजीच्या प्रशिक्षकाला मिळणाऱ्या न्यायाचा नमुना आहे. भारतीय संघात त्यांचे पद साहाय्यक प्रशिक्षकाचे, काम मुख्यतः फलंदाजांबरोबरचे. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी बंगळूरला ढगाळ हवेत भारताने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि न्यूझीलंडसमोर ४६ धावांत डाव संपला. मायदेशातील भारताची ती नीचांकी धावसंख्या. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याच फलंदाजांनी ४६२ धावा केल्या. सर्फराझ खान यांनी १५० व ऋषभ पंत यांनी ९९ धावा काढल्या. लॉर्ड्सवरील ३०२ व ४२ या जोडीचे हे पन्नास वर्षांनंतरचे प्रतिबिंब होय, फक्त क्रम उलटा. मालिका ०-३ अशी गेली, ऑस्ट्रेलियातील मालिका १-३ अशी गेली. जानेवारी २०२५ मध्ये सितांशू कोटक फलंदाजी प्रशिक्षक म्हणून नेमले गेले आणि एप्रिलमध्ये नायर यांना दूर केल्याचे वृत्त आले. नाणेफेकीचा निर्णय त्यांचा नव्हता. मुख्य प्रशिक्षक पदावर कायम राहिले.

याच्याशी डिसेंबर २०२० ची तुलना करून पाहावी. ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांवर संपला, म्हणजे १९७४ पेक्षाही कमी. तेव्हा रवी शास्त्री मुख्य व विक्रम राठोड फलंदाजी प्रशिक्षक होते. मालिका चालू असल्याने कोणाला काढण्यास अवसरच नव्हता. महिनाभरात, १९ जानेवारी २०२१ रोजी, ब्रिस्बेनला ३२८ धावांचे लक्ष्य गाठून भारताने मालिका २-१ अशी जिंकली. ३६ धावांच्या डावातील दोष आणि ३२८ धावांच्या पाठलागातील गुण एकाच प्रशिक्षकाच्या खात्यात जमा आहेत. मालिका ॲडलेडला संपली असती तर राठोड यांचे खाते तेथेच बंद झाले असते. वाडेकरांनाही ४२ नंतर एक सामना मिळाला होता, पण ब्रिस्बेन मिळाले नाही.

महाविद्यालयाच्या पातळीवर

वणीसारख्या कोळसापट्ट्यातील तालुक्याच्या गावी हा प्रश्न वरवर दूरचा वाटेल. तो तसा नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत जाणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाचा शारीरिक शिक्षण संचालक दरवर्षी याच तराजूत तोलला जातो. वार्षिक अहवालात कलर होल्डर किती आणि चषक किती, एवढेच येते. अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची शतकाहून जुनी परंपरा आहे, तेथील मैदाने व वसतिगृहे आहेत. त्या शहरातील संघ आणि सकाळची एस.टी. पकडून सामन्याला जाणारा तालुक्याचा संघ एकाच गुणतक्त्यात बसविले जातात. संचालक बदलतो तेव्हा मैदान, साहित्य आणि विद्यार्थी आधीच्याचेच असतात. त्याने लावलेल्या सवयीचे फळ दोन-तीन वर्षांनी त्याच्या उत्तराधिकाऱ्याच्या अहवालात दिसते. मानधनावर बोलावलेल्या प्रशिक्षकाची तर पुढच्या वर्षीची नेमणूकच एखाद्या पहिल्या फेरीतील पराभवावर अडते.

उमेश यादव टेनिस चेंडूने खेळत वाढले. चामड्याचा चेंडू त्यांच्या हाती आला तो विशीच्या उंबरठ्यावर. त्यापूर्वीच्या कोणत्याही वर्षी त्यांच्या गावातील मैदानावर मेहनत घेणाऱ्या माणसाचा अहवाल कोराच राहिला असता. म्हणून चषकांच्या रकान्याशेजारी आणखी काही रकाने अहवालात असावेत, अशी सूचना येथे करावीशी वाटते : वर्षारंभी किती विद्यार्थी मैदानावर आले व सत्र परीक्षेनंतर किती टिकले, त्यांतील किती जणांनी तो खेळ महाविद्यालयातच प्रथम हाती घेतला, मैदान वर्षातून किती दिवस उपलब्ध होते, पराभव कोणत्या महाविद्यालयाकडून व किती फरकाने झाला, आणि आदल्या वर्षी त्याच महाविद्यालयाविरुद्धचा फरक किती होता.